पाहणाऱ्याचं काय जातं?

'घसरणं' या क्रियापदाबद्दल आपल्या भाषेचं मत फार वाईट आहे. पाय घसरला की अब्रू जाते, जीभ घसरली की मैत्री जाते आणि गाडी रुळांवरून घसरली की लोक मंत्र्याचा राजीनामा मागतात. (तो मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.) कांद्याचे भाव घसरले की शेतकरी रडतो आणि न घसरले की गिऱ्हाईक. बागेतल्या घसरगुंडीपुरती काय ती सूट. तीसुद्धा चड्डी फाटेपर्यंतच. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला अडुसष्टाव्या वर्षी खुद्द जावयानं म्हणावं, "बाबा, शनिवारी घसरायला जाऊ या," म्हणजे काय!

आम्ही उभयता लेकीकडे बॉस्टनजवळ मुक्कामाला होतो. एप्रिल संपत आला होता. घरापुढच्या झाडांना पालवी फुटत होती आणि जावईबापू तळघरात बसून आपल्या स्कीच्या फळ्यांना मेण चोळत होते. आपल्याकडे लोक दसऱ्याला हत्यारं पुसतात, तितक्याच भक्तिभावानं.

"अहो, पण बर्फ कुठं आहे आता?" मी विचारलं.

"टकरमनच्या घळीत आहे. तिथं मे संपेपर्यंत असतो."

घळ म्हटली की आम्हाला एकच ठाऊक. शिवथरघळ. समर्थांनी तिथं बसून दासबोध सांगितला अशी परंपरा. म्हणजे घळ ही बसून विचार करण्याची जागा. ही दुसरी घळ न्यू हॅम्पशायर राज्यात माउंट वॉशिंग्टनच्या कुशीत आहे, आणि तिथं माणसं विचार न करता उडी घेतात, असा माझा समज होता. तो निम्मा चुकीचा निघाला. कुठला निम्मा, तेच सांगायला बसलो आहे.

हा डोंगर उंचीनं काही हिमालय नव्हे. १,९१७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जेमतेम पावणेतीनशे मीटर जास्त. पण स्वभाव अत्यंत तापट. १२ एप्रिल १९३४ रोजी त्याच्या माथ्यावरच्या वेधशाळेतल्या माणसांनी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला. पुढं साठेक वर्षं तो जगाचा विक्रम होता. १९९६ साली एका चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ताशी ४०८ किलोमीटरची नोंद झाली आणि विक्रम गेला. हाच वारा माथ्यावरच्या पठाराचा बर्फ झाडून घळीत आणून टाकतो. मोलकरणीनं सगळा केर एका कोपऱ्यात लोटावा, तसा. त्या कोपऱ्यात काही ठिकाणी पंधरा मीटरहून अधिक बर्फ साठतो. म्हणून सगळीकडे वसंत आला तरी घळीत हिवाळा भाडेकरूसारखा ठाण मांडून असतो.

टकरमन कोण, म्हणाल तर एकोणिसाव्या शतकातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा मुख्य अभ्यास दगडफुलाचा. आमची ही गोड्या मसाल्यात जे घालते, त्याच कुळातल्या वनस्पतींवर या गृहस्थांनी आयुष्य वेचलं. खाली मान घालून, दगडाला डोळे लावून चालणारा सज्जन माणूस! त्याच्या नावच्या घळीत आज लोक हातपाय मोडून घेतात. नाव कशाला द्यावं याबाबत माणसानं मृत्युपत्रात स्पष्ट लिहून ठेवलेलं बरं.

निघण्यापूर्वी मी व्यवहारी प्रश्न विचारले.

"चढायला किती वेळ?"

"तीन-साडेतीन तास."

"वर पाळणा वगैरे?"

"नाही. फळ्या पाठीवर बांधायच्या आणि चालायचं."

"आणि उतरायला?"

"ती मुख्य भिंत म्हणाल तर... एक मिनिट. जास्तीत जास्त दोन."

"मग?"

"मग पुन्हा चढायचं."

विक्रमादित्यानं हट्ट सोडला नाही, हे लहानपणी वाचलं होतं. तो माझा जावई निघेल असं वाटलं नव्हतं. हा माणूस घरी पोळी गरम व्हायला तीस सेकंद लागतात म्हणून मायक्रोवेव्हसमोर उभा राहून सुस्कारे सोडतो. वास्तविक या डोंगरावर विनासायास जायची सोय फार जुनी आहे. १८६१ सालापासून माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे आणि १८६९ सालापासून दातेरी रुळांची आगगाडी आहे. 'ही गाडी माउंट वॉशिंग्टन चढली आहे' अशी चिकटपट्टी मोटारीला लावून हिंडणारे लोक मी पाहिले आहेत. आपल्या वतीनं मोटारीनं पराक्रम करावा, ही कल्पना मला तत्काळ पटली होती. पण त्या शनिवारी मोटार डोंगराच्या पायथ्याशी, पिंकहॅम नॉचला थांबली आणि आम्ही चौघं चालू लागलो. जावई, लेक, अकरा वर्षांची नात आणि मी. आमची ही खालच्या विश्रामगृहात विणकाम घेऊन बसली. आमच्या घरात तत्त्वज्ञान तिलाच जास्त कळतं.

पहिला टप्पा हर्मिट लेकपर्यंत, सुमारे चार किलोमीटर. चढण साधारण आतकरवाडीकडून सिंहगडाला असते तेवढी. फक्त वाटेत ताक आणि पिठलं-भाकरी नाही. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधलेले. मागून तरुण पोरं येत आणि पुढं जात. पाठीवर फळ्या, फळ्यांना टांगलेले जड बूट, अंगात अर्धी चड्डी आणि तोंडाला पांढरं मलम. एकजण तर चक्क घागऱ्यात होता. कुत्री होती. सगळे घामाघूम आणि सगळे खूश. सिंहगडावरही रविवारी असंच असतं, हे आठवून मला बरं वाटलं. विनाकारण चढणं हा काही अमेरिकेचाच मक्ता नाही.

हर्मिट लेकपाशी त्या दिवसाची हिमकड्यांची माहिती लिहिलेला फलक होता. कुठला बर्फ भुसभुशीत, कुठं खालून ओढा वाहत असल्यानं पोकळी, वरून बर्फाचे तुकडे कुठं सुटतील, सगळं स्वच्छ लिहिलेलं. सरकारी वनखात्याचे हिमरक्षक आणि बिनपगारी स्वयंसेवक तिथं हजर होते. तो फलक जावईबापूंनी दोनदा वाचला. आमच्या वेळी दहावीचा निकाल असा वाचत.

तिथून वर चढलो आणि घळ उघडली. अर्धा फुटलेला प्रचंड रांजण आडवा ठेवावा, तसा आकार. हिमनदीनं कोरलेला. तिन्ही बाजूंनी पांढऱ्या भिंती. उतार चाळीस ते पंचावन्न अंशांचा. अंशांत कळत नसेल तर असं म्हणतो, जुन्या वाड्याचा जिना आठवा, ज्याला धरायला दोर टांगलेला असायचा. तो जिना अडीचशे मीटर उंच करा, पायऱ्या काढून टाका आणि वर बर्फ ओता. एप्रिल १९३१ मध्ये चार्ली प्रॉक्टर आणि जॉन कार्लटन हे दोघं या मुख्य भिंतीवरून पहिल्यांदा घसरून आले. त्यांच्याआधी हे कुणाला सुचलं नव्हतं, यावरून माणसाच्या शहाणपणाबद्दल थोडी आशा वाटते.

भिंतीच्या उजव्या अंगाला पायथ्याशी मोठमोठे खडक आहेत. त्यांचं नावच 'लंच रॉक्स'. म्हणजे डबा खायचे धोंडे! तिथं जत्रा भरली होती. शेकडो माणसं उन्हात पाय पसरून, सँडविच खात, डब्यातली बिअर पीत वर बघत होती. समोर भिंतीवर मुंग्यांसारखी रांग. बुटांच्या टाचांनी खणलेल्या पायऱ्यांवरून एकामागं एक चढणारी. वर पोचायचं, फळ्या लावायच्या, खाली बघायचं आणि सुटायचं. कुणी सुंदर वळणं घेत आला की इकडून आरोळी. आणि कुणी पडला की दुप्पट आरोळी.

मला ती जागा एकदम आवडली. आयुष्यभर मी ज्या जागेच्या शोधात होतो, ती हीच. धोका समोर, आपण बाजूला, हातात डबा. लेकीनं मेथीचे ठेपले दिले होते. नातीनं बर्फाचं शास्त्र समजावलं. रात्री गोठायचं, दिवसा वितळायचं, असं पुन्हा पुन्हा झालं की वसंतातल्या बर्फाचे टपोरे दाणे होतात. त्याला हे लोक मक्याचा बर्फ म्हणतात. मी हातात घेऊन पाहिला. तो सरळ सरळ भिजवलेला साबुदाणा होता. साबुदाण्यासारखीच त्याची वेळ सांभाळावी लागते. सकाळी लवकर गेलात तर दगड, ऊन लागलं की मऊ मोकळा, आणि दुपारी डोंगराआड सूर्य गेला की पुन्हा दगड. त्या दगडावर पडलेला माणूस थांबत नाही. खालपर्यंत येतो.

शेजारच्या एका म्हाताऱ्या गोऱ्यानं मला टोनी मॅटची गोष्ट सांगितली. ती इथं प्रत्येकाला पाठ असते. १९३९ साली डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत शर्यत झाली. ऑस्ट्रियाचा एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याचा बेत असा की भिंतीवर वरच्या बाजूला चार वळणं घ्यायची, वेग मोडायचा आणि मगच सरळ सुटायचं. पण अंदाज चुकला. भिंत कधी सुरू झाली ते कळलं नाही आणि तो एकही वळण न घेता सरळ खाली आला. ६ मिनिटं २९.२ सेकंदांत शर्यत संपवून बसला. दुसरा आलेला गडी मिनिटभर मागं. पुढं तो स्वतःच सांगत असे की, वय एकोणीस होतं, अक्कल नव्हती आणि पाय भक्कम होते, म्हणून वाचलो. ऐंशीहून अधिक वर्षं झाली तरी लोक त्या चुकलेल्या अंदाजाला दाद देताहेत. अंदाज आणखी वीतभर चुकला असता तर त्याच गोष्टीचं तात्पर्य निराळं झालं असतं.

एवढ्यात वरून एकजण सुटला. दोन वळणं झाली, तिसऱ्याला फळी अडकली आणि तो आडवा झाला. एक फळी इकडे, एक तिकडे. माणूस पाठीवर, डोकं खाली, येतोच आहे, येतोच आहे. आमच्या धोंड्यांवरून प्रचंड आरोळी उठली. आणि तीत, मी लपवत नाही, माझाही आवाज होता. मी चक्क टाळी वाजवली. ठेपला मांडीवर ठेवून.

तो तळाशी येऊन थांबला. हलेना.

शेकडो माणसं एका क्षणात गप्प झालेली मी पूर्वी एकदाच पाहिली होती, दहीहंडीत. आमच्या गल्लीत सात थर लागायचे आणि आम्ही दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. मनोरा कोसळला की "होऽऽ" अशी लाट उठायची. आणि मग सगळ्यांत वरचं पोर उठलं नाही की तीच लाट घशात अडकायची. इथंही तसंच. लाल जाकिटवाले दोन स्वयंसेवक धावले. अर्ध्या मिनिटानं त्या मुलानं एक हात वर केला. पुन्हा आरोळी.

नातीनं माझ्याकडे पाहून विचारलं, "आजोबा, तो पडला तेव्हा तुम्ही टाळी का वाजवलीत?"

"अगं, त्याला धीर यावा म्हणून."

"पण तो तेव्हा घसरतच होता. त्याला ऐकू कसं येणार?"

मी ठेपला पुढं केला. मुलांनी असे प्रश्न विचारले की खायला द्यावं, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती आजवर कधीही यशस्वी झालेली नाही.

तेवढ्यात त्या लाल जाकिटवाल्यांतली एक मुलगी आमच्याकडे आली आणि नम्रपणे म्हणाली, की इथं बसू नका. आम्ही बसलो होतो त्याच्या बरोबर वर कातळाला लटकलेला हिवाळ्यातला पिवळट बर्फ होता. ऊन लागलं की त्याचे तुकडे सुटतात. लहानात लहान म्हणजे दूरदर्शन संचाएवढे आणि मोठे मोटारीएवढे. आणि येतात ते या डब्याच्या धोंड्यांवरच. फलकावर तसं लिहिलेलं होतं म्हणे. मी वाचला नव्हता. फलक धोका पत्करणाऱ्यांसाठी असतात, बघ्यांसाठी नव्हे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आम्ही मुकाट्यानं डबे उचलले आणि खाली समोरच्या बाजूला गेलो. बाकीची जत्रा मात्र तिथंच बसून राहिली, कारण तिथून पडणारे चांगले दिसतात.

आता जावईबापूंची पाळी होती. सकाळी त्यांनी बाजूच्या सोप्या घळीतून दोन फेऱ्या केल्या होत्या. आता ते मुख्य भिंतीच्या रांगेत होते. मी फोन काढला. पुण्याच्या आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींना मी आदल्या रात्रीच कळवून ठेवलं होतं, की उद्या जावयाची फिल्म पाठवतो, बसून पाहा. तीन-चार जणांनी अंगठेही पाठवले होते. मी फोन रोखून उभा राहिलो. लेक माझ्याशेजारी, हाताची घडी घालून. ती फोन पाहत नव्हती.

पाऊण भिंत चढून झाली होती. आणि त्याच वेळी डोंगराची सावली भिंतीच्या वरच्या काठावर उतरली. रांगेतले पुढचे चढत राहिले. जावईबापू थांबले. काठीनं बाजूचा बर्फ टोचून पाहिला. वर पाहिलं. पुन्हा टोचला. मग ते रांगेतून बाजूला झाले, फळ्या पाठीवर तशाच ठेवून तोंड भिंतीकडे केलं आणि एकेक पायरी खाली उतरू लागले. माळ्यावरून डबा काढून शिडीनं उतरावं, तसे. धोंड्यांवरून कुणीतरी 'बूऽऽ' केलं. दोघंचौघं हसले.

लेकीनं श्वास सोडला. मला तो ऐकू आला. आणि माझ्या मनात त्या क्षणी काय आलं, ते लिहायचं म्हणूनच हा लेख लिहितो आहे. नाहीतर बर्फाचं वर्णन माझ्यापेक्षा कुणीही चांगलं करील. माझ्या मनात आलं, 'अरेरे!' माझ्या एकुलत्या एका लेकीचा नवरा, माझ्या नातीचा बाप, सुखरूप पायऱ्या उतरत होता आणि माझी निराशा झाली होती. का? तर चार निवृत्त गृहस्थांना चाळीस सेकंदांची फिल्म मिळणार नव्हती.

परतीच्या वाटेवर मी त्यांना विचारलं, "भीती वाटली का हो?"

"वाटली. पण त्यासाठी नाही फिरलो. भीती नेहमीच वाटते." हा माणूस कॉलेजला डोंबिवलीच्या लोकलला लटकून गेलेला, धोक्याचं प्राथमिक शिक्षण मध्य रेल्वेत झालेलं. "मी पडलो असतो तर मला आणायला त्या सावलीत कोण आलं असतं, ते आठवलं."

मग त्यांनी सांगितलं. जानेवारी १९८२. शेजारच्या हंटिंग्टन घळीतून दोन गिर्यारोहक वर चढले, एक सतरा वर्षांचा, एक वीस. वादळात वाट चुकले आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला उतरले. त्यांना शोधायला स्वयंसेवक निघाले. त्यांत अल्बर्ट डाउ नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण होता. शोधताना हिमकडा कोसळला आणि तो गेला. ती दोन मुलं नंतर सापडली, जिवंत. पाय मात्र गोठले होते. त्यांतल्या लहान मुलाचे, ह्यू हेरचे, दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. हाच हेर पुढं बॉस्टनशेजारच्या एमआयटीत प्राध्यापक झाला आणि यंत्रचलित कृत्रिम पाय तयार करू लागला. स्वतः तसल्याच पायांवर चालतो, कडेही चढतो. त्याच्या संशोधनावर कितीतरी माणसं आज चालताहेत.

सकाळी मी साडेतीन तास आणि दोन मिनिटं यांचं गणित घालून जावयाला चिडवलं होतं. हे गणित मात्र मला सुटेना. डाउ गेला आणि इतकी माणसं चालू लागली, तर जमा किती आणि खर्च किती? हिशेब जमेचा निघाला तरी तो डाउच्या आईला दाखवायची कुणाची छाती होईल? त्या राज्यात निष्काळजी माणसाकडून शोधाचा खर्च वसूल करायचा कायदा आहे. पण त्या बिलात हेलिकॉप्टर लिहिता येतं, माणूस लिहिता येत नाही. मग धोक्याचे खेळ बंदच करावेत का? तसं केलं तर सह्याद्रीच्या कड्यांवरून अडकलेल्यांना दोर लावून काढणारी आपली पोरंही निर्माण होणार नाहीत. तीही अशीच विनाकारण चढून चढून तयार झालेली असतात. वाचवणारे आणि पडणारे एकाच शाळेतले. हे कोडं घेऊन मी शिवथरघळीत जाऊन बसलो, तरी सुटेल असं वाटत नाही.

मला कळलं ते एवढंच. 'पाहणाऱ्याचं काय जातं?' असं आपण सहज म्हणतो. जायचं ते पाहणाऱ्याचंही जातं, फक्त त्याला आवाज होत नाही. चढणाऱ्याला पडण्याचा हक्क आहे की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. पण त्यानं पडावं अशी पुसटशी इच्छा करायचा हक्क मला कुणी दिला होता? आणि जो परत फिरतो, त्याला टाळी का नाही? खरं तर त्या दिवशी घळीतलं सगळ्यांत अवघड वळण त्यानंच घेतलं होतं.

फिल्म मी पुण्याला पाठवली. चाळीस सेकंदांचीच आहे. एक माणूस पाठीवर फळ्या घेऊन, भिंतीकडे तोंड करून, सावकाश एकेक पायरी उतरतो आहे. परत आल्यावर पर्वतीच्या पायऱ्यांवर मंडळींनी मला गाठलं.

"अहो, पुढची राहिली वाटतं पाठवायची. पुढं काय होतं?"

"काही होत नाही," मी म्हटलं. "तेच पाहायचं आहे."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अमेरिकेहून आल्यावर महिनाभर माणूस असाच बोलतो, हे त्यांना माहीत आहे.